विंडोज १० वरून ११ वर जायचं का: घरातल्या कम्प्युटरचं काय काय केलं

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण अजूनही ओळखीतलं कोणी ना कोणी फोन करून विचारतंच की अपग्रेड करू का राहू दे, म्हणून गेल्या चार महिन्यांत मी जे केलं आणि वापरलं ते एकदा सविस्तर लिहून ठेवतेय. माझं काम मराठी मजकुराचं आहे, मुद्रितशोधन, पानं लावणं, थोडा अनुवाद, सगळं साताऱ्यात घरी बसून. त्यामुळे गेमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठी कुठली विंडोज बरी ते मला विचारू नका, पण मराठी टायपिंग, जुने फॉन्ट, प्रिंटर, बँक, टॅली, डिजिटल सिग्नेचर यातलं काही तुम्हाला लागत असेल तर पुढचं उपयोगी पडेल.

माझा कामाचा लॅपटॉप २०२० चा, दहाव्या जनरेशनचा आय-५, ८ जीबी रॅम, एसएसडी. बाबांचा २०१७ च्या दसऱ्याला घेतलेला, आय-५ ७२००यू, म्हणजे सातवं जनरेशन, ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क. कामाच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप. आणि कोल्हापूरला ताईचा लॅपटॉप, तो पण सातव्याच जनरेशनचा. चारही ठिकाणी विंडोज १०, आणि शेवटी चार ठिकाणी चार वेगळ्या गोष्टी कराव्या लागल्या.

आधी एक गैरसमज. सपोर्ट संपला म्हणजे लॅपटॉप बंद पडला असं नाही, १५ ऑक्टोबरला सकाळी तो नेहमीसारखाच सुरू झाला. थांबतात ते सिक्युरिटी अपडेट. म्हणजे उद्या विंडोजमध्ये एखादं नवीन भगदाड सापडलं तर ते बुजवून मिळणार नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला होता तो आठवत असेल, त्यात ज्या भगदाडाचा वापर झाला त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता, पण ज्यांनी तो टाकला नव्हता त्यांच्या फायली लॉक झाल्या आणि सोडवायला पैसे मागितले गेले. म्हणून 'माझ्याकडे काय आहे चोरण्यासारखं' हा विचार मला पटत नाही, चोरीचा प्रश्नच नाही, एखाद्याचा सगळा लेखसंग्रह लॉक झाला तर तो माणूस काय करणार? माझ्याकडे दुसऱ्या लोकांची हस्तलिखितं असतात, त्यांची जबाबदारी माझ्यावर असते.

तरीपण मी १४ ऑक्टोबरच्या आधी काहीच केलं नाही, आणि ते मुद्दाम. त्या वेळी दिवाळी अंकांची शेवटची पानं हातात होती, आणि अंक छपाईला जायच्या आठवड्यात मशीनला हात लावायचा नाही हा नियम मी पाळतेच, कितीही तारीख जवळ आली तरी. चार दिवस उशीर झाल्याने काही बिघडत नाही, पण पान तीस वरचा मजकूर सरकला तर सगळंच बिघडतं. भाऊबीज झाली आणि मग बसले.

माझ्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं छोटं ॲप टाकलं, ते फुकट आहे. त्याने चक्क सांगितलं की हा लॅपटॉप विंडोज ११ ला चालणार नाही. मला धक्काच बसला कारण अट आहे इंटेलचं आठवं जनरेशन किंवा त्यापुढचं, आणि माझं दहावं. जवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला तर तिथे सरळ सांगितलं, मॅडम नवीनच घ्या, हा नाही होणार. घरी येऊन शांतपणे वाचलं की ॲप नेमकं कशाला नाही म्हणतंय, तर टीपीएम २.० सापडत नाही असं होतं. टीपीएम म्हणजे पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारी सोय, ती बहुतेक प्रोसेसरमध्ये आतच असते, फक्त काही लॅपटॉपमध्ये बायोसमधून (म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या मूळ सेटिंग्जमधून) बंद असते. इंटेलमध्ये तिला पीटीटी म्हणतात आणि एएमडीमध्ये एफटीपीएम. बायोसमध्ये जाऊन पीटीटी चालू केलं, परत चेक केलं, पास. खर्च शून्य. त्या दिवशी मी दुकानदाराचं ऐकलं असतं तर पन्नासेक हजार गेले असते आणि चांगला चालणारा लॅपटॉप कपाटात पडला असता. म्हणून कोणी 'होणार नाही' म्हटलं तर का होणार नाही हे विचाराच, प्रोसेसर जुना असेल तर खरंच अधिकृत उपाय नाही, पण टीपीएम किंवा सिक्युअर बूट ही बायोसमधलीच दुसरी सोय नुसती बंद असेल तर तो पाच मिनिटांचा मामला आहे.

इथे एक सावधगिरी, आणि ही फार महत्त्वाची आहे. बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या फायली कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का बघा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की असते, ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह झालेली असते, ती कागदावर उतरवून घ्या, फोनमधल्या फोटोवर भागवू नका. बायोसमध्ये बदल केला की लॅपटॉप कधी कधी ती की मागतो आणि ती नसेल तर स्वतःच्याच फायली स्वतःला मिळत नाहीत. बऱ्याच नवीन लॅपटॉपमध्ये हे एन्क्रिप्शन अकाउंटने लॉगिन केलं की आपोआप चालू होतं आणि माणसाला पत्ताच नसतो.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला. अपग्रेडला काही जीबी डेटा लागतो, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये हे बसत नाही, वायफाय नसेल तर कोणाकडे तरी जाऊन करा. आणि आमच्याकडे देखभालीसाठी लाईट ज्या वारी जाते तो वार सोडला, चार्जर लावून ठेवला. संध्याकाळी सुरू केलं आणि जेवणं उरकेपर्यंत झालं, फायली, प्रोग्रॅम, डेस्कटॉपवरचा पसारा सगळं जागच्या जागी होतं. पासवर्डपण जुनाच, लोकल (फक्त त्या लॅपटॉपपुरतं) अकाउंट होतं ते लोकलच राहिलं. नवीन होम व्हर्जन कोरं टाकायचं असेल तर मात्र सेटअपच्या वेळी नेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतात, हा फरक लक्षात ठेवा.

पसंत नाही पडलं तर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधून परत १० वर जाता येतं. मी त्या दहा दिवसांत रोजच्या कामातली एक एक गोष्ट मुद्दाम करून बघितली, कारण अकराव्या दिवशी लक्षात येऊन उपयोग नाही.

मराठीचं आधी सांगते. इनस्क्रिप्ट हा मराठीचा ठरलेला कीबोर्ड जसा होता तसाच आहे, ळ, ऱ सगळं त्याच कळांवर, बोटांना काही नवीन शिकावं लागलं नाही. उच्चारानुसार टाइप करायचा मराठी फोनेटिक कीबोर्डपण विंडोजमध्ये आतच आहे, तो २०१९ पासून विंडोज १० मध्येसुद्धा होता पण बऱ्याच जणांना माहीत नाही, अजूनही बाहेरून काहीतरी डाउनलोड करत बसतात. सेटिंग्जमध्ये भाषा या भागात मराठी टाका, विंडोज की आणि स्पेसबार दाबून बदला, बस. जुन्या फायलींमध्ये मंगल किंवा कोकिळा फॉन्ट असेल आणि मजकूर वेगळ्याच फॉन्टमध्ये दिसत असेल तर घाबरू नका, ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरीचे जादा फॉन्ट वेगळे टाकावे लागतात, ते टाकले की येतो. माझ्या पानांसाठी मी मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट वापरते आणि पुस्तकाच्या मजकुरासाठी टिरो देवनागरी मराठी, कारण त्यात मराठी वळणाचे ल आणि श आहेत, हिंदी वळणाचा ल पुस्तकभर बघवत नाही मला. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही ११ वर नीट दिसतात.

जे आवडलं ते विंडो मांडण्याचं. विंडोज आणि झेड दाबलं की स्क्रीन कशी वाटायची ते विचारतं, मी डावीकडे मोठी विंडो आणि उजवीकडे वर-खाली दोन अशी मांडणी ठेवते, डावीकडे पान, उजवीकडे वर हस्तलिखिताचं स्कॅन आणि खाली शब्दकोश. हे आधी पण हाताने ओढून जमायचं, पण आता एका सेकंदात होतं आणि दिवसातून वीस वेळा करायचं असेल तर तो फरक जाणवतो. नोटपॅडमध्ये टॅब आले आणि सेव्ह न करता बंद केलं तरी मजकूर तसाच राहतो, लाईट जाणाऱ्या गावात याची किंमत मोठी आहे.

जे नाही आवडलं ते पण सांगते. टास्कबार मी वर्षानुवर्षं डाव्या कडेला उभी ठेवायचे, पान उभं असतं म्हणून खालची जागा मोकळी हवी असते, आणि माझ्या व्हर्जनमध्ये ती खालून हलवताच येत नाही. राईट क्लिकचा मेन्यू अर्धवट येतो, पूर्ण हवा असेल तर आणखी एक क्लिक, नाहीतर शिफ्ट धरून राईट क्लिक करायचं, तेव्हा जुना मेन्यू येतो. आणि कागदावर ४ जीबी रॅम चालते असं लिहिलंय पण तेवढ्यावर करू नका. माझं ८ जीबीवर चाललं, पण ब्राउझर, पानं लावायचं इनडिझाइन आणि मोठी पीडीएफ एकत्र उघडली की दम लागायचा, शेवटी आणखी ८ टाकली. एआयच्या जाहिरातींना भुलून अपग्रेड करणार असाल तर थांबा, त्यातली बरीच फीचर्स वेगळी चिप असलेल्या नवीन लॅपटॉपवरच चालतात, २०२० च्या मशीनवर ती येत नाहीत.

एकंदरीत माझ्यासाठी उत्तर हो. आठवं जनरेशन किंवा पुढचं, ८ जीबी आणि एसएसडी असेल तर करून टाका, थांबण्यात काही फायदा नाही.

बाबांचा लॅपटॉप मात्र वेगळा. सातव्या जनरेशनला, अगदी एक-दोन अपवाद सोडले तर, विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. रुफस नावाच्या टूलने अटी गाळून टाकलेला पेनड्राइव्ह बनवता येतो आणि बरेच जण तसं करून देतात, चालतंही. पण मायक्रोसॉफ्टने स्पष्ट म्हटलंय की अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही, आणि आपण अपग्रेड करतोय तेच अपडेटसाठी ना? बाबा त्यावर बँकेची एफडी बघतात, पेन्शनचं बघतात, त्या मशीनवर असला जुगाड मला नको होता.

म्हणून मी त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, आणि या निर्णयाचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे. त्याआधी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, खर्च साडेतीन हजारांच्या आत. खरं सांगायचं तर निम्मा वेग तिथेच आला, विंडोज १० सुरू व्हायला बाबांचा चहा संपायचा, आता कप हातात घ्यायच्या आत लॉगिन येतं. जुना लॅपटॉप हळू झालाय म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम बदलायला निघाला असाल तर आधी हे करा.

मिंटची एक गोष्ट फार चांगली, काहीही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. जवळपास ३ जीबीची फाईल उतरवायची, पेनड्राइव्हवर लिहायची, त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा, वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड सगळं चालतं का बघायचं, आणि मग ठरवायचं. दोन दिवस बाबांना तसंच वापरायला दिलं. म्हटलं, बाबा तुम्ही नेहमीचं सगळं करून बघा, अडलं तर हाक मारा. त्यांनी फायरफॉक्स उघडला, बँकेत गेले, स्टेटमेंट उतरवलं, भजनं लावली, आणि म्हणाले, "बदललंय काय यात?" खाली पट्टी, कोपऱ्यात मेन्यू, त्यांच्या सवयीची मांडणी तीच. उलट विंडोज ११ ने मधोमध नेलेलं स्टार्ट बटन त्यांना जास्त अडलं असतं.

मिंटची २२ वी मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मराठी कीबोर्ड यादीतच आहे, मेन्यूपण मराठी करता येतो, सगळे शब्द भाषांतरित नाहीत पण बाबांना जेवढे आहेत तेवढे आवडले. लिब्रेऑफिस आधीच घातलेलं येतं. त्यात दुसऱ्यांच्या वर्ड फायली उघडतात, पण विंडोजचे फॉन्ट नसल्याने ओळी सरकतात, दोन पानांचं पत्र अडीच पानांचं होतं. सोसायटीच्या मिटिंगची नोटीस लिहायला काही अडत नाही, पण माझ्या कामाला हे चालणार नाही, आणि इनडिझाइन तर लिनक्सवर येतच नाही, म्हणून माझा लॅपटॉप विंडोजवर. टाइमशिफ्ट नावाचं टूल आहे, त्यात सिस्टिमचा स्नॅपशॉट ठेवला की काही बिघडलं तर मागे जाता येतं, ते पहिल्याच दिवशी चालू करा.

अडचण एकच आली, प्रिंटर. आमच्याकडे एक खूप जुना लेझर प्रिंटर आहे, आपल्याकडे अर्ध्या दुकानांत दिसतो तो, त्याने मिंटवर एक कागद काढला नाही. दोन रविवार गेले त्यात. शेवटी सोडून दिलं, आता बाबा पीडीएफ मला पाठवतात आणि मी काढून देते. नवीन वायफायवाले बरेच प्रिंटर ड्रायव्हरशिवाय लागतात, पण जुना असेल तर पेनड्राइव्हवरून चालवून बघतानाच एक प्रिंट काढून बघा, ही तपासणी मी केली नाही ती तुम्ही करा.

ताईचं उत्तर वेगळं का, तर ती टॅक्सची कामं करते. टॅली विंडोजवरच चालते, आणि डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन लिनक्सवर लावायची खटपट कामाच्या दिवसांत परवडणारी नाही. ती म्हणाली, "अगं तू म्हणशील ते कर, पण ३१ जुलैपर्यंत माझं मशीन थांबता कामा नये." तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टची ईएसयू म्हणजे वाढीव सिक्युरिटी अपडेटची योजना घेतली. ती घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते, विंडोज अपडेटच्याच पानावर नोंदणीची लिंक येते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलरच्या आसपासची एकदाच भरायची रक्कम. तिने फुकटवालं घेतलं, मध्ये एकदाही अडलं नाही. फक्त यात नवीन काही मिळत नाही, नुसते पॅच, आणि तारीख ठरलेली आहे. रिटर्न भरून झाले की ती नवीन लॅपटॉप घेणार, आणि टोकनचा ड्रायव्हर ११ वर आधी माझ्या लॅपटॉपवर लावून बघितलाय, चाललाय.

राहिला डेस्कटॉप. त्यावर युनिकोडच्या (म्हणजे कुठल्याही कम्प्युटरवर मराठी अक्षरं मराठीच राहतात त्या पद्धतीच्या) आधीच्या काळातलं मराठी सॉफ्टवेअर आहे, डोंगलवालं, म्हणजे किल्लीसारखा एक तुकडा कम्प्युटरला लावल्याशिवाय न चालणारं, आणि पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, म्हणून त्या काळातलं सगळं मराठी छपाईचं काम सुरेख वगैरे जुन्या फॉन्टमध्ये व्हायचं, फॉन्ट नसेल तर मजकूर म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. माझ्याकडे अशी चौदा वर्षांची पानं आहेत, त्यात दोन लेखक आता हयात नाहीत आणि त्यांच्या पुस्तकांची दुसरी प्रत कोणाकडेच नाही. ते डोंगल माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ मध्ये ओळखलंच गेलं नाही, आणि त्या व्हर्जनला आता मदत मिळत नाही. म्हणून डेस्कटॉप विंडोज १० वरच ठेवलाय, नेटची वायर काढून टाकलीय, वायफायचा तुकडापण काढलाय, पेनड्राइव्ह एकच ठरलेला आणि तो आधी माझ्या लॅपटॉपवर स्कॅन करून मगच तिकडे. रोज संध्याकाळी तासभर एक एक फाईल उघडून युनिकोडमध्ये आणतेय. कन्व्हर्टर वापरते पण त्यात ऱ्य आणि र्य ची गल्लत होते, जोडाक्षरं तुटतात, प्रत्येक पान मूळ प्रतीशी लावून वाचावंच लागतं. आत्तापर्यंत ११ पुस्तकं झाली, २३ राहिलीत.